दादांना एवढं सांगा

राजकीय मारामाऱ्यांच्या बातम्या करण्यात तिची उमेदीची अकरा वर्षं गेली होती. त्या अकराही वर्षांत तिच्या सोबतीला एकच फोटोग्राफर होते. वयाने मोठे, म्हणून ती त्यांना दादा म्हणायची. ते तिला ‘साहेब’ म्हणून चिडवायचे. गर्दी बिथरणार हे त्यांना आधीच कळायचं. कसं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

अकराव्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, एका सभेत दोन पक्षांची माणसं एकमेकांवर तुटून पडली. गोळीबार सुरू झाला तसे हे दोघं जीव मुठीत धरून बुटांच्या एका दुकानात शिरले. दुकानदाराने शटर ओढलं. मिनिटभरात बाहेरून कुणीतरी ते बडवायला लागलं. “उघडा हो! उघडा!” दादा वाकले, शटरला हात घातला. तिने त्यांचा दंड घट्ट धरला. “नको दादा. उघडू नका. नको ना!”

थोड्या वेळाने बडवणं थांबलं. पोलीस आल्यावर शटर वर गेलं, तेव्हा पायरीवर एक तरुण मरून पडला होता.

दादांनी कॅमेरा कपाटात टाकला आणि ते वहिनींच्या माहेरगावी जाऊन राहिले. तिचा फोन आला की त्यांना दरदरून घाम फुटायचा. शेवटी वहिनींनीच सांगितलं, “ताई, राग मानू नका. तुमचा आवाज ऐकला की ते परत त्या दुकानात जातात.”

राग कसला यायचा? ती स्वतः तरी कुठे त्यातून बाहेर आली होती? कुठेही शटर पडलं की तिचा श्वास अडकायचा. ती ज्यांच्याकडे उपचारांना जायची त्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं : पाय जमिनीला घट्ट टेकवायचे, समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचं. कधी जमायचं, कधी नाही. ज्याला काहीच समजावून सांगावं लागलं नसतं असा जगात एकच माणूस होता, आणि नेमकं त्याच्याशीच बोलायची सोय नव्हती.

यंदा निवडणुकीच्या निकालानंतर पुन्हा दगडफेक झाली.

“तू राहू दे, दुसऱ्या कुणाला पाठवतो,” संपादक म्हणाले.

“जाते, सर. नाहीच जमलं तर फोन करीन.”

दुपारी ती फुटक्या काचांच्या एका औषधाच्या दुकानात माहिती घेत होती. तेवढ्यात चौकातून ‘आले, आले!’ अशी आवई उठली. धडाधड शटरं पडली. औषधवाल्यानेही ओढलं. आत अंधुक उजेड उरला. आणि बाहेरून थाप पडली.

तिने पाय जमिनीला घट्ट टेकवले. काउंटर, ती मनात म्हणाली. वजनकाटा. बरण्या. पुन्हा थाप.

“उघडा,” ती म्हणाली. औषधवाला हलला नाही. मग ओरडली, “अहो, उघडा म्हणते ना!”

औषधवाल्याने घाबरत घाबरत शटर हातभर वर केलं. खालून एक म्हातारे गृहस्थ कण्हत आत आले. “केवढ्यांदा ओरडता, बाई! खोकल्याचं औषध हवंय. बाहेर कुत्रंसुद्धा नाही.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. दादा हवे होते आत्ता इथे. निदान ऐकायला तरी.

तिने वहिनींना फोन लावला. “वहिनी, दादांना एवढं सांगा...” आणि सगळं सांगितलं. खोकल्यासकट. वहिनींनी ते तिकडे जसंच्या तसं सांगितलेलं तिला ऐकू आलं.

“ताई, ते विचारतायत, मिळालं का त्यांना औषध?”

“मिळालं.”

“मिळालं म्हणतात,” वहिनी तिकडे म्हणाल्या.

कानाला फोन लावून ती जिवाचा कान करून उभी राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

“आज इतकंच, ताई.”

“हो. इतकंच.”

फोन बंद झाल्यावरही तो खाली ठेवायला तिला थोडा वेळ लागला. मग नाक पुसून तिने वही उघडली आणि औषधवाल्याकडे वळली.

“हं, काका. काल दगड कुठल्या बाजूने आले म्हणालात?”