एकतीस होकार

जखमांवरच्या पट्ट्या बदलण्याच्या त्या खोलीत चौदा वर्षे एकच परिचारिका काम करीत होती. सारे तिला नुसते सिस्टर म्हणत. मुले मोठी झाल्यावर तिला पुढच्या पदवीची ओढ लागली आणि अभ्यासाचा विषयही तिने आपल्या हाताखालचाच निवडला: पायाला जुनी जखम असलेल्या मधुमेही रुग्णांना पट्टी बदलताना होणारी वेदना. चाळीस रुग्ण हवे होते. दोन महिन्यांत तिसांनी संमतिपत्रावर सही केली. नाही असे एकानेही म्हटले नाही. प्रारंभी तिला या विश्वासाचे अप्रूप वाटले. पुढे पुढे मात्र मनात काहीतरी सलू लागले.

एकतिसावे सुतारकाका. जखमेला हात लागताच खोली डोक्यावर घेणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. कागद पाहताच त्यांनी पेन मागितले.

"काका, आधी ऐकून तरी घ्या."

"ऐकलं की. कुठं करू सही?"

"मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"तुम्ही काय माझं वाईट करणार आहात?"

तिने संपूर्ण कागद सावकाश वाचून दाखवला. "आता सांगा, काय लिहिलंय यात?"

"परीक्षा घेता की काय? पास होणाऱ्यांतला असतो तर सुतार कशाला झालो असतो?"

बाकावर खोळंबलेली मंडळी हसली.

"नाही म्हटलं तरी चालतं, काका. अगदी खुशाल."

"आणि मग पट्टी कोण बदलणार?"

बाकावर पुन्हा हशा पिकला. काका मात्र हसत नव्हते; त्यांनी मनापासून विचारले होते. सिस्टरने खाली पाहिले. काकांचा पाय तिच्यासमोर स्टुलावर होता, जुनी पट्टी अर्धी सुटली होती आणि कात्री तिच्या हातात होती. काकांनी सही केलीच. एकतिसांनाही तिने असेच, याच आसनावरून विचारले होते.

मार्गदर्शक प्राध्यापिकेने हे ऐकून कपाळाला हात लावला. "नैतिकता समितीनं फॉर्म मंजूर केलाय. सह्या झाल्यात. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"मॅडम, त्या सह्या अभ्यासासाठी नाहीत. मला घाबरून केल्यात."

"अहो, लोकांना माणसं मिळत नाहीत, आणि तुम्हाला नकारांचे डोहाळे लागलेत!"

तरीही तिने समितीला पत्र धाडले. नवी पद्धत मंजूर होण्यात तीन आठवडे गेले. मग महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी, ज्यांचा पट्टीशी दुरूनही संबंध नव्हता, निराळ्या खोलीत बसून प्रत्येकाला नव्याने विचारले. एकोणीस जणांनी होकार दिला. बारा जणांनी नको म्हटले.

त्या बारांविषयी लिहिलेले सगळे कागद सिस्टरने स्वतःच्या हातांनी फाडले. प्रबंध सहा महिने लांबणीवर पडला. घरी नवरा म्हणाला, "लोकांनी आपल्याला नाही म्हणावं म्हणून इतकी जिवाची ओढाताण करणारी तूच पहिली." तिला हसू आले नाही. नकाराची वाट तिनेच मोकळी केली होती. आणि तरीही होकारांच्या यादीत सुतारकाकांचे नाव नाही हे पाहून तिला लागले होते. त्या लागण्याचाच तिला अधिक संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी काका आले, ते धुतलेला सदरा घालून, पाहुण्यासारखे अवघडून. पट्टी सुटू लागली.

"दुखतंय का?"

"नाही सिस्टर. अजिबात नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारले होते.

"काका, दुखत असेल तर ओरडा की."

"काही नाही हो. तुमचा हात हलका आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी नाही म्हणायला नको होतं. सूनबाईही तेच म्हणाली. द्या तो कागद, आत्ता करतो सही."

"सही नको आहे मला!"

सारा बाक तिच्याकडे पाहू लागला. काकांनी मान खाली घातली. ज्या रागाचे त्यांना भय होते, तोच तिने आपल्या हाताने त्यांच्या पदरात घातला होता. ती ओशाळली. मग तिने मीठपाण्याची बाटली उचलली, चिकटलेली पट्टी भिजवली आणि ती आपोआप सुटेपर्यंत पाच मिनिटे थांबली.

त्यानंतरच्या तिन्ही खेपांना काकांचे उत्तर तेच: दुखत नाही. तिने परोपरीने समजावले. त्यांनी प्रत्येक शब्दाला मान डोलावली आणि दातओठ आवळून सोसले. कोणत्या शब्दांनी हे भय निघेल, ते तिला उमगेना. तिने हात टेकले, आणि बोलणेच थांबवले. फक्त भिजवण्याची पाच मिनिटे, बाहेर कितीही गर्दी असली तरी, तिने कोणाला हिरावू दिली नाहीत.

पाचव्या खेपेला कापसाचा एक धागा जखमेत अडकला होता. तिच्या ध्यानात आले नाही आणि चिमटा ओढला गेला.

"अहो!" काकांनी पाय हिसकून घेतला. "पाय आहे हा, फळी नाही! जरा बघाल की नाही?"

काकांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो, हे त्यांना एकाएकी उमजले असावे.

"चुकलं माझं, काका," सिस्टर म्हणाली आणि तिने बाटली पुन्हा उचलली.

काका क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले.

"चुकलंच," ते गुरगुरले, आणि त्यांनी पाय पुन्हा स्टुलावर ठेवला.