मायक्रोवेव्हचा झगा

मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. उंची वीतभर, डोकं वाकडं. मित्रांनो, वाकड्या डोक्याचा घराला उपयोग झाला, असं आमच्याकडे उदाहरण माझंच.

२००३ साली पद्माआजी रेल्वेत इंजिनिअर असलेल्या मुलाकडे, गजेंद्रकडे, साताऱ्याहून लखनौला आली, तेव्हा मी तिच्या अंबाड्यात होते. स्वयंपाक करताना ती मला तिथेच खोचायची. एका होळीला मी सापडेना. पुरणात पडले असेन म्हणून घरच्यांनी घाबरत घाबरत, पण तूप लावून, एकवीस पोळ्या संपवल्या. मी अंबाड्यातच होते. आजीला ते ठाऊक असावं, असा माझा आजही संशय आहे.

उघडी वस्तू तिला बघवत नसे. निशातगंजच्या त्या घरात टीव्हीला झालर, रिमोटला टोपी, गॅस सिलिंडरला झबलं. सब्जीवाल्या भैयाने कौतुक केलं, तर त्याच्या वजनांना मोजे मिळाले.

२०१२ साली मायक्रोवेव्ह आला. "पोटात दिवा लावून काय शिजतंय ते चारचौघांना दाखवतो. लाज नाही मेल्याला," आजी म्हणाली आणि तिने झगा विणायला घेतला.

नात कौमुदीला ती रोज हाक मारायची, "ये गं, शिकवते."

"आजी, बाद में," कौमुदी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायची.

जानेवारीच्या कोहऱ्यात, दाट धुक्यात, आजी गेली. झगा तीन बोटं उरला होता आणि मी शेवटच्या टाक्यात अडकलेली. मित्रांनो, क्रोशाचं काम असं असतं, की शेवटच्या टाक्यातून सूत ओवून गाठ मारली नाही, तर सगळं उसवतं. तोवर ते सुईच्या भरवशावर. दीड महिना मी ते श्वास धरून सांभाळलं. मला श्वास नसतो, तरी.

मग सून मंजिरीला झग्यावर हळदीचा डाग दिसला. आईंची शेवटची वस्तू स्वच्छ राहावी म्हणून तिने मला अलगद काढून टेबलावर ठेवलं, झगा कोमट पाण्यात हाताने धुतला आणि बाल्कनीत वाळत घातला. सुताचा गुंडा कठड्याबाहेर लोंबत राहिला. त्याच्या वजनाने एकेक ओळ सुटत गेली. मी टेबलावरून बघत होते.

"मम्मी! ये क्या किया?" संध्याकाळी कौमुदी ओरडली.

"अगं, मी नुसता धुतला गं." मंजिरीच्या हातात ओलं, कुरळं सूत होतं. "बंद कसा करतात, मला कुठे माहीत होतं?"

"मुझे भी नहीं पता," कौमुदी फरशीवरच बसली. "रोज़ तो बुलाती थीं."

घाटावर न रडलेला गजेंद्र तिच्याशेजारी बसला. लहानपणी आई त्याच्या गुडघ्यांवर सुताची लडी अडकवायची. त्याने गुडघे जवळ घेतले, त्यांच्याभोवती ते सूत गुंडाळत गेला, आणि मग त्याला उठता येईना. कोणी उठवलंही नाही.

आता मी डब्यात मोकळी पडून असते. मोकळ्या सुईला काही टोचत नाही, असं लोकांना वाटतं.

मित्रांनो, घरात कोणी "ये, शिकवते" म्हणालं, तर जा. सगळं शिकू नका हवं तर. शेवटची गाठ तेवढी शिकून घ्या. आजीला चार सेकंद लागायचे.