वापरणारे किती

...मोहरीएवढा हिरवा ठिपका, 'अण्णा' या शब्दाच्या अगदी अलीकडे, अजून तसाच होता. माणूस हजर आहे, फोन त्याच्या हातात आहे, एवढंच तो ठिपका सांगतो. त्यासाठी स्क्रीनकडे बघायची खरं तर गरज नव्हती. मान जराशी वळवली की मागच्या खोलीच्या उघड्या दारातून वडिलांचे पाय दिसत होते – एका पायात चप्पल, दुसरी टेबलाखाली कुठेतरी सरकलेली आणि तिचा शोध मधेच सोडून दिलेला. तरी ती ठिपक्याकडेच बघत राहिली. पायांकडे बघण्यापेक्षा ठिपक्याकडे बघणं सोपं होतं.

वर पिवळी पट्टी. तुमची मोफत चाचणी आज संपत आहे. सकाळपासून ती त्या पट्टीवर फुली मारत होती आणि पट्टी चिवट पाहुण्यासारखी परत येत होती. शेवटी तिनं 'पुढे चला' दाबलं, दुकानाचं नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, सगळं मुकाट्यानं भरत गेली, आणि मग हे समोर आलं – वापरणारे किती? चौकटीत दोनचा आकडा आधीच बसलेला, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. खाली दोघांची नावं. उणे दाबलं की विचारणार, कोणाला काढू? विचारणारच... यंत्राला कसली आली आहे भीडभाड.

दुकान अण्णांचं. शिलाई मशीनची दुरुस्ती, मग ते पायाचं असो, हाताचं असो की विजेचं. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणायचं, म्हणून तीही अण्णाच म्हणायला लागली, बाबा म्हणायचं राहूनच गेलं. अण्णांची एक पद्धत होती. मशीन दुरुस्त झालं की जुन्या कापडाची एक चिंधी घ्यायची, दुहेरी करायची, तिच्यावर लांब शिवण मारायची आणि ती उजेडाकडे धरून उलट्या अंगानं बघायची. "वरून काय, वरून सगळ्याच शिवणी शहाण्या असतात," म्हणायचे, "खालून बघ." खालचे टाके मनासारखे आले की ती चिंधी मशीनच्या हातचाकाला बांधायची. बांधली म्हणजे काम झालं. पावती नाही, सही नाही. गिऱ्हाईक यायचं, चिंधी बघायचं आणि मशीन उचलून न्यायचं.

मग केव्हातरी कोऱ्या चिंध्या दिसायला लागल्या. केव्हा ते तिला नीट आठवत नाही... शिवण न मारलेली नुसती चिंधी, गाठ मात्र पक्की. आदल्याच दिवशी आलेल्या, झाकणसुद्धा न उघडलेल्या मशीनला चिंधी. एकदा कॅलेंडरच्या खिळ्याला. हात काम विसरले होते आणि शेवटची गाठ तेवढी त्यांच्या लक्षात राहिली होती. अण्णा जेवायला वर गेले की ती एकेक गाठ सोडत बसायची आणि चिंध्या पुन्हा डब्यात टाकायची. कोणाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लोकही काही कमी नसतात, आज हळहळतील, उद्या दुसरं दुकान गाठतील.

म्हणून हे कामांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर आणलं. आता चिंधीवर नाही जायचं, आलेलं प्रत्येक काम यात लिहायचं आणि 'तयार' फक्त आपण म्हणायचं, म्हटलं की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप. चाचणीपुरतं फुकट होतं. पण पहिल्याच दिवशी ती स्वतःचं नाव भरत असताना अण्णा मागे येऊन उभे राहिले, खांद्यावरून वाकून वाचायला लागले, त्यांच्या अंगाला तेव्हाही मशीनच्या तेलाचा वास येत होता – आता येतो का? – आणि म्हणाले, "आणि मी?"

एवढंच म्हणाले. रागानं नाही, नुसतं विचारलं, जेवणाची पानं मांडताना एखाद्यानं विचारावं तसं. तिनं लिहिलं, अण्णा, कारागीर. त्यांच्या फोनवर सगळं लावून दिलं. चाचणीच तर आहे, काय बिघडतंय.

काय बिघडायचं ते बिघडलं. अण्णांना ते 'तयार'चं बटण फार आवडलं. दाबलं की हिरवं होतं आणि टिंग वाजतं. दिवसभर मागच्या खोलीतून टिंग यायचं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकून ती स्क्रीनकडे धावायची, 'तयार'चं पुन्हा 'बाकी' करायची आणि गिऱ्हाइकाला फोन लावायची, "चुकून निरोप गेला हो, सिस्टिम नवीन आहे." सिस्टिमच्या नावावर बिल फाडलं की लोक ऐकून घेतात. रात्री अंथरुणावर पडलं तरी कानात टिंग. तिला वाटायचं, हे संपू दे एकदाचं. काय संपू दे, हे मात्र ती स्वतःलाही विचारायची नाही.

एक टिंग तिला ऐकू आलं नाही. ती सुटे भाग आणायला बाजारात गेली होती. पडदे शिवणाऱ्या बाई निरोप बघून आल्या, अण्णांनी स्वतः उठून मशीन त्यांच्या गाडीत ठेवलं, चिंधी बांधलेलं. बाईंकडे दवाखान्याच्या पडद्यांचं काम होतं, मोठं, वर्षभर वाट बघून मिळालेलं. मशीन मधेच अडकलं, कापड आत ओढून फाडलं, वेळ टळली आणि काम दुसऱ्या कोणाला गेलं. काल बाई मशीन परत घेऊन आल्या. भांडायला आल्या असतील म्हणून ती आधीच हात जोडायच्या तयारीत होती, तर बाई खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अण्णांची चिंधी होती गं. म्हणून मी खालून बघितलंसुद्धा नाही."

एवढ्यात अण्णा दारात आले. त्यांना बघून प्रसन्न हसले.

"काय बाई, मशीन कसं चाललंय?"

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "छान चाललंय, अण्णा."

त्या तीन शब्दांनी जे केलं ते शिव्यांनी झालं नसतं. झाकलेली मूठ बाईंनी बघितली होती आणि वरून आपलाही हात ठेवला होता. बाई गेल्यावर ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. आणि तिथंच ठरवून टाकलं की उद्या चाचणी संपतेय, उद्या उणे दाबायचं. आता तो उद्या आला होता आणि बोट चालत नव्हतं.

फोन वाजला. सॉफ्टवेअरच्या कंपनीतली मुलगी होती, चाचणी संपत आलेल्या सगळ्यांनाच ती फोन करत असणार.

"ताई, ट्रायल आज संपतेय तुमची. पुढे चालू ठेवायला काही अडचण येतेय का?"

"वापरणारे किती म्हणून विचारतंय."

"हो, दोघं दिसतायत मला. तुम्ही आणि... अण्णा." मुलगी जराशी हसली. "तुमच्यापेक्षा तेच जास्त वापरतात की."

"त्यांना काढलं तर?"

"मग त्यांच्या फोनवर उघडणार नाही. परवानगी नाही असं येईल."

...परवानगी नाही. आणि ते फोन घेऊन येतील, चष्मा कपाळावर, म्हणतील, हे बघ गं, काय म्हणतंय हे. मी काय सांगू? त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच टेबलाशी बसून मी त्यांना काय सांगू? एकदा सांगून भागणारही नाही. दुपारी विसरतील, पुन्हा उघडतील, पुन्हा तेच वाचतील, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच.

"ताई? आहात ना?"

"वडील आहेत माझे," ती म्हणाली. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी पोरीला सांगून टाकलं. "त्यांच्या लक्षात राहत नाही. काम झालेलं नसतं आणि ते तयार म्हणतात."

मग मुलगी कंपनीचा सूर सोडून बोलली, "माझी आजी अशी होती." आणि मग, "एक करता येईल, ताई. त्यांना 'फक्त पाहणारा' करा. त्यांना सगळं दिसेल. दाबलं तर बटण हिरवं पण होईल, वाजेल पण. फक्त इकडे काही पोचणार नाही, निरोप जाणार नाही. खरं म्हणजे ते चुकून तसं झालंय, पाहणाऱ्याला बटण दिसायलाच नको. आमचे लोक कधीतरी दुरुस्त करतील ते. पण तोवर..."

तोवर. तिनं आभार मानून फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसली, कारण हे तिला ठाऊक होतं – हे बटण नाही, पण हेच, अगदी हेच...

ती लहान होती, मशीनच्या पायट्याला पाय जेमतेम पुरत होते आणि तिला शिवायचंच होतं. अण्णांनी एक जुनं मशीन तिच्यासाठी कोपऱ्यात मांडलं. ती दुपारभर पाय मारायची, चाक फिरायचं, दांडा खाली-वर व्हायचा, कापड सरसर पुढे जायचं. कापड घेऊन ती अण्णांकडे धावायची. ते चष्मा लावून बघायचे, जरा आत जाऊन यायचे आणि परत द्यायचे ते सरळ शिवण मारलेलं. "वा, सुईबाई. झालं की." सुईबाई, कारण ती काडीसारखी होती. आणि एका दुपारी दांडा वर थांबलेला असताना तिनं खाली वाकून बघितलं, तर सुईच नव्हती. काढून ठेवलेली. बोटं जाऊ नयेत म्हणून. त्या दिवशी ती जेवली नाही, अण्णांशी बोलली नाही, आई समजूत घालून थकली. फसवलं, एवढंच तिला कळत होतं. इतक्या दुपारी, एवढे पाय दुखवून, एक टाकासुद्धा आपला नव्हता.

आणि आता मी त्यांच्या मशीनची सुई काढणार.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. पण प्रत्येक मार्गावर पडदेवाल्या बाई बसल्या होत्या, त्याच खुर्चीवर, भांडण न करता. तिनं अण्णांच्या नावावर टिचकी मारली. 'कारागीर'च्या जागी 'फक्त पाहणारा' निवडलं. कारागीर हा शब्द तिनंच लिहिला होता आणि पुसलाही तिनंच, एका टिचकीत, ज्या माणसाच्या हातातून अख्ख्या गावाची मशीनं गेली त्याचा. पाहणारा वापरणाऱ्यांत मोजत नाहीत, वरचा दोनचा आकडा आपसूक एक झाला. तिनं पैसे भरले. पिवळी पट्टी नाहीशी झाली, तुमचे स्वागत आहे असं आलं, रंगीत कागदाचे तुकडे स्क्रीनभर उडाले आणि विरले. चाचणी संपली होती. आता जे होतं ते खरं होतं, दर महिन्याला.

मागच्या खोलीत टिंग वाजलं.

ती अर्धवट उठली, सवयीनं. स्क्रीनवर ते काम 'बाकी'च होतं. ती बसली.

चपलेचा आवाज आला, एकाच. अण्णा दारात येऊन उभे राहिले, हातात फोन.

"पोचलं का गं?"

"पोचलं, अण्णा."

त्यांनी मान डोलावली. पण गेले नाहीत. टेबलावर तिनं दुरुस्त केलेलं मशीन होतं, हातचाकाला तिची चिंधी. अण्णांनी ती बोटांत धरली, उलटी केली, खिडकीकडे नेऊन खालच्या अंगानं बघितली, अगदी पूर्वीसारखी, डोळा बारीक करून. टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"मी दाबतो ते," ते चिंधीकडे बघतच म्हणाले, "तू नंतर खालून बघतेस ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग बरं," अण्णा म्हणाले. "वा, सुईबाई." आणि दुसरी चप्पल शोधायला आत गेले.

ती बसून राहिली. तिला एक गोष्ट आठवली, जी आजवर तिनं स्वतःपासूनही दडवली होती. सुई नाही हे कळल्यावर, रुसवा गेल्यावर, ती पुन्हा त्या मशीनवर बसली होती. कितीतरी दुपारी. सगळं माहीत असताना पाय मारले होते, कापड नेऊन दिलं होतं. कारण ते चष्मा लावून वा म्हणायचे, आणि त्यांना ते म्हणताना किती बरं वाटतं हे तिला दिसत होतं. तेव्हा कोण कोणाचं मन राखत होतं? आणि आता? त्यांना कळलंय की नाही कळलंय, हे आता कोणाला विचारायचं? विचारलं तरी उद्या त्यांना ते आठवणार नाही आणि मला विसरता येणार नाही.

स्क्रीनवर ठिपका हिरवा होता. आत टिंग वाजलं, मग पुन्हा एक. जे थांबावं म्हणून ती इतके दिवस जीव टाकत होती ते ऐकत ती खुर्चीवर नुसती बसली होती. धावायचं कारण उरलं नव्हतं, आणि तेच तिला सोसेना.