चौथऱ्यावरचं नाव

लाविनियाच्या बापाला, एर्कोलेला, माती देऊन नऊ दिवस झाले होते, आणि कॉर्वीनो दुकानात येऊन तांब्याच्या पत्र्यावर बोट ठेवत होता.

"इथं माझं नाव घाल."

कोलोन्ना चौकातला तो प्राचीन स्तंभ एर्कोलेनं तीन महिने उन्हात बसून टिपला होता. पत्र्यावरच्या काळ्या मेणात सुईनं शेवटची रेघही ओढून झाली होती. राहिलं होतं ते नाव, आणि मग त्या रेघा तांब्यात खोल कोरणारं तेजाब.

"चित्र बाबांचं आहे," लाविनिया म्हणाली.

"मेलेल्याला कोण ओळखतं, पोरी? छापखाना माझा, नाव माझं. आणि बारीक नको. ठसठशीत दिसू दे!"

कॉर्वीनो गेल्या वर्षापर्यंत कापड विकत होता. लाविनियानं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"स्तंभाच्या चौथऱ्यावर चालेल?"

"वा! तिथंच घाल."

तिनं सुई उचलली. छपाईत उजव्याचं डावं होतं, म्हणून पत्र्यावर अक्षरं उलटी काढावी लागतात. बापानं तिला आधी उलटीच शिकवली होती. सुलटं लिहिणं तिला नंतर आलं, तेही पाद्रीबाबांच्या छड्या खाऊन. बापाचा 'र' किंचित लंगडायचा. तिनं तो तसाच काढला.

"झालं. वाचून बघा. आरसा आणू?"

"मला काय अंगठेबहाद्दर समजलीस?" कॉर्वीनोनं पत्र्यावर डोळे फिरवले आणि मान डोलावली. "छान. घाल तेजाबात."

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातल्या म्हाताऱ्या गड्यानं, नान्नीनं, दाबयंत्राचं चाक फिरवलं आणि ओला कागद सोलून काढला. स्तंभ उभा होता, कोरलेल्या लढायांचं वेटोळं अंगावर घेऊन. खाली, चौथऱ्याच्या दगडात: 'हे एर्कोले मारांजीनं केलं'.

कॉर्वीनोचा चेहरा बिटासारखा झाला. "फसवलंस! खरवड ते!"

"वाचून पसंत तुम्हीच केलंत," लाविनिया म्हणाली. "खरवडायचं तर घ्या, पाती तिथं आहे. पण चौथऱ्याची प्रत्येक रेघ त्या अक्षरांत गुंतलीय. नाव काढलंत तर चौथरा जाईल. मग विका अधांतरी स्तंभ."

"दुसरा पत्रा कर!"

"तो करणारा मेला. त्याला कोण ओळखतं?"

नान्नी खोकला, की हसला, कळलं नाही. "दाराशी चित्र घ्यायला यात्रेकरू खोळंबलेत, सिन्योर. किती काढू?"

कॉर्वीनोनं पाती उचलली. चौथऱ्यावर धरली. मग ती बाकावर आपटून तो बाहेर निघून गेला.

लाविनियानं पुढचा कागद भिजवायला घेतला.