उशिरा पडणारा डावा पाय

बुटाच्या तळाला चिकटवलेला जाड लोकरी कापडाचा तुकडा अर्धा सुटून आला होता, आणि मर्टल क्विग्ली तो नखानं खरवडत बसली होती... शूटिंगला सगळ्या पोरींच्या बुटांना असलं कापड. का, तर मायक्रोफोनला चाळीस पायांचा गोंगाट सोसत नाही. बोलपट आले आणि ही तऱ्हा सुरू झाली—नाच मुका घ्यायचा, आवाज मागाहून चिकटवायचा. आज तो आवाज मर्टलचा होता आणि पाय लोरेन वेडचे.

सिनेमाची गोष्ट नेहमीचीच: नाटकाच्या नायिकेचा पाय ऐनवेळी मुरगळतो आणि मागच्या रांगेतली पोरगी पुढे येऊन नाव काढते. ती पोरगी म्हणजे लोरेन. खरोखरच्या मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी, मर्टल—वय एकतीस, स्टुडिओच्या कागदावर चोवीस. शनिवारी ती रांग मोडून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. आजचं जमलं तर मर्टलला कायम ठेवणार होते. नाहीतर गावाकडची, स्क्रँटनची गाडी आणि आईचं स्वयंपाकघर.

कापड निघालं, खालची टॅप-नाचाची, ठोके वाजवणारी लोखंडी पट्टी मोकळी झाली. ती फळीवर उभी राहिली, समोर पडदा उजळला, त्यावर लोरेनचा मुका नाच.

"थांब," काचेपलीकडून आवाजाच्या यंत्रावरचा डॉर्सेट म्हणाला. "चौथ्या ठोक्याला तू पुढे पळतेस."

"मी वेळेवर आहे. तीच मागे राहते."

"ते मलाही दिसतंय गं बाई. पण पडद्यावर पाय तिचा आहे. तू बरोबर नाचतेस, हीच तर पंचाईत."

पाचव्यांदाही तेच. पाय ऐकेचना. स्वयंपाकघरातली फरशी, टेबलाच्या कडेवर आईचा लाकडी चमचा—एक, दोन, तीन, चार—चौथा नीट पडेपर्यंत सूप गार होत राहायचं... आणि मर्टलला राग आला, सरळ राग, लोरेनचा नव्हे, आईचा. इतकं पक्कं कशाला शिकवलंस?

मग तिनं मोजणं सोडलं आणि लोरेनचा डावा गुडघा पाहिला. चौथ्याच्या आधी तो कचरत होता, दुखत असावा. मागच्या रांगेतून नुसती पाठ दिसायची, हे कधी दिसलंच नव्हतं. तिनं आपला गुडघा तसाच कचरू दिला.

"झालं," डॉर्सेट म्हणाला. "आता कुणाच्या बापाला कळायचं नाही. उद्या आठला ये. पाय तेवढे आण, बाकीची नाही आलीस तरी चालेल."

ती हसलीसुद्धा.

बाहेर दुपारचं ऊन होतं. रोजच्या बुटांच्या टाचा सिमेंटवर वाजत होत्या. टक, टक, टक... आणि जराशानं, टक. ती थांबली. पुन्हा चालू लागली, या वेळी मोजत, आईच्या आवाजात. नोकरी लागली होती, आईला तार करायला हवी होती. फाटक आलं. चौथा वेळेवर पडतोय असं तिला वाटलं—वाटलं, एवढंच; आज सकाळपर्यंत तिला ते न मोजताही ठाऊक असायचं.