मुदतीआधी मोडलेली ठेव

माझा दादा बँकेत साहेब, आणि वर लेखकही! ‘तरुणांनो, पैसा ओळखा’ अशी चोवीस पानी पुस्तिका लिहून कॉलेजाकॉलेजात फुकट वाटत हिंडतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्याची लेक तीन वर्षं माझ्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं करत होती. मिळालेला सगळा पैसा दादानं तिला मुदत ठेवीत टाकायला लावला आणि बँकेच्या दारात तिचा हा एवढा फोटो टांगला. खाली ‘आदर्श बचतकर्ती’. पोरगी लाजून मागच्या दारानं जायची.

यंदा तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची मुदत मंगळवारी पाचपर्यंत.

दादा म्हणाला, “शिक्षण स्वतःच्या पैशानं करावं, पुस्तिकेत लिहिलंय. मी देणार नाही.”

“मग ठेव मोडते, बाबा.”

“मुदतीआधी ठेव मोडू नये, हेही लिहिलंय. आणि शुक्रवारी मोठे साहेब तुझा फोटो बघायला येतायत. पुढच्या वर्षी घे प्रवेश.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “अरे शहाण्या, प्रवेश म्हणजे काय तुझ्या बँकेतला लॉकर आहे, वर्षभर राखून ठेवायला?”

“तुला यातलं काही कळत नाही,” म्हणाला. मला! वीस वर्षं एकटीनं दुकान चालवतेय मी!

मंगळवारी दुपारी पोरगी मला म्हणाली, “आत्या, चल.” अठरा पूर्ण झालेली, ठेव तिच्या एकटीच्या नावावर. पुस्तिका तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. तिच्याशिवाय कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

बँकेत रांग होती आणि खिडकीवरचा माणूस जेवायला गेलेला, म्हणून दादाच बसला होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा पडला. पण मागे दहा माणसं उभी, करतो काय! पोरीनं सही केलेला अर्ज पुढे सरकवला.

“मुदतीआधी मोडण्याचं कारण?” त्यानं विचारलं. खाली मान घालून, एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

पोरगी अगदी शांतपणे म्हणाली, “वडील फी भरणार नाही म्हणाले.”

दादानं ते कारण अर्जात स्वतःच्या हातानं लिहिलं, अक्षर न् अक्षर, आणि खाली शिक्का मारला.