आणखी विचारायचं राहिलं

भावाच्या घरी रोज सकाळी जाण्यात ताईचा फायदा काय होता, तो आधी पाहून घेऊ. चहा मिळायचा, पण तो तिलाच करावा लागे. आजारी भावाचं करते म्हणून नातेवाइकांत नाव होत होतं, पण नातेवाइकांनी तिला कधीच वाया गेलेली धरून टाकलं होतं, त्यामुळे या नव्या नावाला फारसा भाव नव्हता. खरा फायदा एवढाच की तेवढा वेळ ती स्वतःच्या खोलीबाहेर राहायची. त्या खोलीत अर्धे रंगवलेले पडदे होते, तळ नसलेली मडकी होती, एक तार तुटलेलं वाद्य होतं आणि सावल्यांच्या खेळासाठी कापलेली, पण काड्या लावायच्या राहिलेली पुठ्ठ्याची माणसं होती. ती माणसं तिच्याकडे टक लावून बघत बसायची.

ताईला सगळंच येत होतं. चित्र, माती, ठसेकाम, थोडं वादन, वेळ पडली तर अभिनय. लोक हरहुन्नरी म्हणायचे. भावाचं मत वेगळं होतं. "आमची ताई म्हणजे बस स्टँड आहे," तो म्हणायचा, "कला येतात, जरा टेकतात, पुढच्या गाडीने निघून जातात." लोकांच्या पायाला भिंगरी असते, ताईच्या हातांना होती. एक काम जमू लागलं की तिला त्याचा कंटाळा यायचा, आणि जमेनासं झालं की राग.

हे मत मांडणारा भाऊ आता असं काही बोलू शकत नव्हता. फर्निचरच्या दुकानात तो विक्रेता होता, आणि त्याचं पोट बोलण्यावर चालायचं. घरात त्याला 'रेडिओ' म्हणत. ते नाव ताईनेच ठेवलं होतं, तो पहिलीत असताना. पुढे सबंध लहानपण "ए रेडिओ, बंद हो" हे एकच वाक्य ती त्याच्याशी बोलली असावी. पण दुकानात रेडिओची चलती होती. स्टूल घ्यायला आलेलं माणूस कपाट घेऊन जायचं आणि घरी गेल्यावर विचार करायचं, आपल्याला कपाट हवं होतं का? अशाच एका गिऱ्हाइकासमोर, एका दुपारी, त्याच्या तोंडातलं वाक्य मधेच घसरलं. मेंदूत गुठळी. हात वाचला, पाय थोडा ओढायला लागला, आणि शब्द मूठभर उरले.

मालक भला माणूस. म्हणाला, "जागा राखून ठेवतो. थंडी संपली की या. एक कपाट गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगा, की लागा कामाला. पण समजावून सांगता आलं पाहिजे हो, नुसतं दाखवायला मला आरसाही पुरतो."

म्हणजे प्रश्न एका कपाटाचा होता.

स्पीच थेरपिस्ट बाई दर गुरुवारी येत. त्यांनी घरच्यांना एकच काम सांगितलं होतं. "तो जे बोलेल त्यावर विचारायचं, आणखी? आणि थांबायचं. कितीही वेळ लागो. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही, आणि दोन शब्दांवर शाबासकी द्यायची नाही. शाबासकी मिळाली की माणूस तिथेच बसतो."

भावजयीने हे ऐकून मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. ती लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. नवरा घरी बसल्यापासून तिने सकाळच्या जोडीला संध्याकाळचीही पाळी घेतली होती. दोन्ही पाळ्या उभ्याने. म्हणून सकाळचा सराव ताईकडे आला.

सुरुवातीला ताईने तो इमानदारीत केला. भावाला घरातल्या कपाटासमोर बसवायची, आपण खिडकीजवळ उभी राहायची, कारण बसणं तिला कधी जमलं नाही.

"काय आहे हे?"

"क... कपाट."

"आणखी?"

"लाकूड."

"आणखी?"

तो शोधायचा. कपाळावर घाम यायचा. ताई खिडकीची कडी काढायची, लावायची, काढायची. मधेच तिला वाटायचं ओरडावं, अरे, दोन दारं, चार फळ्या, मधे कप्पा, म्हण की! पण ती गप्प बसायची.

एके दिवशी तिने दार उघडून दाखवलं. आत भावजयीने घड्या घालून ठेवलेले त्याचे दुकानात जायचे शर्ट होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

"कपाट."

थांबला.

"आत अंधार."

पुन्हा थांबला, आणि हाताने हवेत एक घडी घातली.

"घडी घालून."

ताईच्या अंगावर काटा आला. कडीवरचा हात तसाच राहिला. 'आणखी' विचारायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. तोंडून निघालं ते एवढंच, "वा!"

आता भावाची बाजू बघा. पन्नाशीला आलेला माणूस, जन्मभर बोलत आला, आणि ज्या एका माणसाने ऐकावं म्हणून तो लहानपणी बोलायला लागला असेल, त्या माणसाकडून त्याला 'बंद हो' याखेरीज काही मिळालं नव्हतं. मेंदूतला अर्धा शब्दकोश गेल्यावर त्याला पहिली 'वा' मिळाली. त्याचा चेहरा असा उजळला की ताईने दुसरीकडे पाहिलं.

घरी जाऊन तिने माती लाटली. हाताएवढ्या पाट्या कापल्या, कारण मोठी पाटी भट्टीत वाकडी होते. लाकडी अक्षरांचे ठसे शोधून काढले. मग पुढचं सगळं वाट बघण्याचं. ओल्या मातीत ठसा बुडतो आणि वाळलेल्या मातीला चीर जाते. मधली एक वेळ असते, माती चामड्यासारखी झालेली, तेव्हा घाई करून दाबून घ्यायचं. तेवढ्या वेळात मोठं वाक्य होतच नाही. तीन ओळी बरोबर बसल्या. ती पाटी हातात घेऊन ताई खोलीभर फिरली. ती खाली ठेववेना आणि धरवेना.

त्यानंतर तिला जेवण गोड लागेना. सकाळ कधी होते असं झालं. भावाकडे पोचायची ती धापा टाकतच. कपाटाबरोबर खिडकी आली, नळ आला, चपला आल्या. तो दोन-तीन तुकडे बोलायचा, ती "वा" म्हणायची आणि तोंडातल्या तोंडात तुकडे घोळवत जिना उतरायची. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर मान फिरवायची, कारण बोललं तर ओळ सांडेल. एकदा तो चहाचा कप धरून म्हणाला,

"बायको थकली.
खुर्ची नाही.
मी बसलोय."

"वा!" म्हणाली ताई. चपलासुद्धा नीट घातल्या नाहीत तिने.

गुरुवारी थेरपिस्ट बाईंनी चष्मा काढून पुसला. "गंमत आहे. माझ्याशी बोलताना हे सात-आठ शब्दांचं वाक्य जोडतात. तुम्ही आत आलात की तीनवर येतात. तुम्ही 'आणखी' विचारता ना?"

"म्हणजे काय! विचारतेच की."

"नाही, शाबासकी द्यायची घाई होत असेल म्हणून म्हटलं. घरची माणसं मायेपोटी करतात."

मायेपोटी हा शब्द ताईला बोचला, पण सोयीचाही वाटला.

दुसऱ्या दिवशी तिने खरोखर विचारलं. एवढं श्रेय तिला द्यायला हवं.

"काय आहे हे?"

"कपाट."

"आणखी?"

"कपाट... सागवानी. दोन दारं आहेत. खाली... खाली खण. खणाला कुलूप. कुलूप... चांगलं आहे, कारण... गंजत नाही."

केवढं बोलला! मालकाने ऐकलं असतं तर त्याच दिवशी हजेरीपटावर नाव चढलं असतं. भावाने अभिमानाने ताईकडे पाहिलं. आणि ताईने, कडी काढता काढता, जांभई दिली. दाबलेली होती, नाकातूनच गेली, पण आयुष्यभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेल्या माणसाला तेवढी पुरते. त्याने कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग हलकेच, दुकानात जास्त किमतीची वस्तू पुढे करावी तसं म्हणाला,

"कुलूप आहे.
चोर म्हातारा.
घरातच राहतो."

ताईची जांभई कुठच्या कुठे गेली. "वा! वा!"

त्या दिवसापासून दोघांचं ठरल्यासारखं झालं.

दरम्यान एका कलादालनाच्या संचालिकेने पाट्या पाहिल्या. "हे छापा, मांडा, लवकर करा," म्हणाल्या. ताईच्या हातून जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं होत होतं. शेवटच्या भिंतीपुरत्या पाट्या कमी पडत होत्या, थंडी ओसरत होती. तिचा जीव दोन्हीकडे टांगलेला. भाऊ बरा व्हावा असं तिला मनापासून वाटत होतं. प्रदर्शन होऊन गेल्यावर.

दुकानात जायचा दिवस आला. भावजयीला सुट्टी मिळाली नाही. तिने त्याला घडीचा शर्ट घालून दिला, कॉलर सरळ केली. "ताई, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे हो मी."

दुकानात मालकाने हात मिळवला. एक नवरा-बायको कपाट बघायला आले होते. मालकाने डोळ्याने खुणावलं. भाऊ पाय ओढत पुढे झाला. पॉलिशच्या वासाने त्याची छाती भरून आलेली दिसली. त्याने कपाटाचं दार उघडलं, आत पाहिलं. ताईने दुकानातल्या एका टेबलाचा खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला.

"कपाट," भाऊ म्हणाला.

"हो," गिऱ्हाइकीण म्हणाली.

"आत अंधार."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"घडी घालून."

आणि तो थांबला. गिऱ्हाइकाकडे नाही, मालकाकडेही नाही, त्याने ताईकडे पाहिलं. 'वा'ची वाट बघत.

ताईने खण अर्धाच सोडला. "आणखी?" ती म्हणाली. "बोल ना. आणखी? खण... कुलूप..."

भाऊ गोंधळला. हे ठरलं नव्हतं. त्याने ओळी पुन्हा मनात तपासल्यासारख्या केल्या, कुठे चुकलं ते शोधलं. मग ठामपणे मान हलवली. "बस्स."

"आम्ही जरा पुढे बघून येतो," गिऱ्हाईक म्हणालं.

मालकाने भावाला काढून टाकलं नाही. गोदामात घेतलं, वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला. तिथे बोलावं लागत नव्हतं. पगारही बोलावं लागणाऱ्यांइतका नव्हता, त्यामुळे भावजयीची संध्याकाळची पाळी तशीच राहिली. त्याच दिवशी संध्याकाळी मालकाने तिला फोन करून दुःखाने सगळं सांगितलं. भावाचे ते शब्दही सांगितले, कारण ते मालकाच्या डोक्यातून जात नव्हते.

प्रदर्शनाला गर्दी झाली. पांढऱ्या भिंतींवर विटकरी पाट्या, वरून मंद दिवे. बसायला काही नव्हतं. रखवालदाराची एक खुर्ची होती, ती त्याने पाय ओढणाऱ्या भावाला दिली. भावजय दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आली होती.

माइक घेतलेल्या एका मुलीने ताईला विचारलं, "तुम्ही इतक्या माध्यमांत काम केलंत. मग या इवल्याशा कवितांकडे कशा वळलात? प्रेरणा कोणाची?"

ताईने पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मातीची," ती म्हणाली. "माती कमी बोलते. मी ऐकते."

"वा!" खुर्चीवरून भाऊ म्हणाला. मोठ्याने. लोक हसले, दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या. ताईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

तोवर भावजय पहिल्या पाटीसमोर उभी राहिली होती. कपाट. आत अंधार. घडी घालून. तिने ते वाचलं, खांद्यावरची पिशवी सावरली, आणि पुढे सरकली. एकेक पाटी, लाँड्रीत कपडे तपासावेत तशी. खुर्चीच्या पाटीशी ती थांबली.

ताई जवळ आली. न येऊन चाललं नसतं.

"हे ते कधी म्हणाले, ताई?"

"थंडीच्या सुरुवातीला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"वा म्हटलं."

"आणखी नाही विचारलं?"

ताईने वर पाहिलं. दिवे जरा तिरपे लागलेत, असं तिला वाटलं, आणि ते सरळ करायला हात शिवशिवले.

भावजय नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "मी थकले, खुर्ची नाही, तुम्ही बसलाय," ती म्हणाली. "आणखी?"

त्याने आधी ताईकडे पाहिलं. सांगू का, अशा नजरेने. ताईने भिंतीकडे तोंड केलं.

"आणखी?" भावजय पुन्हा म्हणाली, आणि थांबली.

"म्हणून... तू... घरी आलीस की..." घाम फुटला त्याला. "की आधी बस. चहा... मी करीन. मला येतो. पाय... तुझे पाय दुखत असतील... सकाळपासून."

लांबलचक, साधं, कुणाच्याही घरात कुणीही बोलेल असं. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ताईने, इच्छा नसताना, मनात मोजून पाहिलं. पाटीत बसत नव्हतं.

भाऊ खुर्चीचे हात धरून उठला. भावजय बसली. डोळे मिटून एक श्वास घेईपर्यंत बसली असेल, तेवढ्यात रखवालदार परत आला आणि अवघडून तिथेच घुटमळला. ती उठली. पाळीची वेळही झालीच होती.

तर एकूण हिशेब असा. दालनाला गर्दी मिळाली, ताईला नाव मिळालं आणि पुरं झालेलं एक काम मिळालं. भावाला रोजची एक 'वा' मिळाली, तिच्यापायी त्याने दुकानातली जागा घालवली, आणि कुणी विचारलं असतं तर सौदा परवडला असंच त्याने सांगितलं असतं, तीन ओळींत. भरणा मात्र लाँड्रीच्या काउंटरवर होत होता, दोन्ही पाळ्यांत, उभ्याने. आणि जी भरत होती तिला यातलं काहीच घ्यायचं नव्हतं.